पीळ, पदर आणि क्रम : डीएनएच्या रेणुरचनेच्या मराठी मांडणीची चिकित्सा

सारांश

डीएनएची रेणुरचना मराठीतून शिकवताना आणि लिहिताना काही शब्द व उपमा रूढ झाल्या आहेत : द्विसर्पिल, पिळदार शिडी, समांतर धागे, प्रतिकृती, जनुकीय कुंडली. प्रस्तुत लेखात हे शब्द रेणूच्या प्रत्यक्ष रचनेशी पडताळून पाहिले आहेत. या मांडणीत रेणूच्या आकाराला, म्हणजे पिळाला, अवाजवी महत्त्व मिळते. ज्यांच्यामुळे हा रेणू आनुवंशिकतेचा वाहक ठरतो ती दोन अंगे, जोड्यांची पूरकता आणि घटकांचा क्रम, त्यामुळे झाकली जातात, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव मराठी भाषेची नसून निवडीची आहे. अधिक नेमके शब्द मराठीच्या व्यवहारात आधीपासूनच उपलब्ध आहेत.

बीजसंज्ञा : डीएनए, द्विसर्पिल, मळसूत्र, पूरकता, परिभाषा, विज्ञानलेखन.

प्रस्तावना

२५ एप्रिल १९५३ रोजी ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा एका पानाहून जेमतेम अधिक लांबीचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच अंकात मॉरिस विल्किन्स व त्यांचे सहकारी, तसेच रोझलिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांचे क्ष-किरण विवर्तनाचे निष्कर्षही छापले गेले. या तीन लेखांनी मिळून डीएनएच्या रचनेचा प्रश्न सोडविला. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन यांचे १९५८ मध्येच निधन झाले होते. हा इतिहास मराठी वाचकास बराचसा परिचित आहे. तथापि इतिहास परिचित असणे आणि रचना समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी विद्यार्थ्याची या रेणूशी पहिली भेट शालेय विज्ञानात होते. तिच्या जोडीला मराठी विश्वकोशातील नोंदी, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांचे लेखन आणि वृत्तपत्रांतील सदरे असतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा विचार केला तर या पहिल्या भेटीचे महत्त्व विशेष जाणवते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले, पाथर्डी, जामखेड अशा तालुक्यांतून येणारा विद्यार्थी बहुधा दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतो आणि अकरावीला एकदम इंग्रजी परिभाषेस सामोरा जातो. पुढे तो १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयासारख्या संस्थेत वनस्पतिशास्त्र वा रसायनशास्त्र घेतो, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पीकपैदाशीकडे वळतो. त्याचे पुढचे शिक्षण इंग्रजीत होत असले तरी रेणूची मनातील पहिली प्रतिमा मराठी शब्दांनी घडलेली असते. ती सदोष असेल तर नंतरची परिभाषा तिच्यावर केवळ चढविली जाते. प्रतिमा तशीच राहते. म्हणून या शब्दांची चिकित्सा ही केवळ भाषाशुद्धीची बाब राहत नाही.

‘सर्पिल’ आणि ‘मळसूत्र’

डीएनएच्या आकारासाठी मराठीत ‘द्विसर्पिल’ ही संज्ञा रूढ आहे. ती सुटसुटीत आहे आणि सापाच्या वळणाचे चित्र चटकन डोळ्यांपुढे उभे करते. मात्र हाच ‘सर्पिल’ शब्द खगोलशास्त्रात आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांसाठी वापरला जातो. दीर्घिकेचे बाहू केंद्रापासून निघून उत्तरोत्तर दूर पसरत जातात. डासांच्या अगरबत्तीचे वेटोळेही याच जातीचे असते. डीएनएचा धागा असा पसरत नाही. तो एका काल्पनिक अक्षाभोवती, अक्षापासून कायम सारख्याच अंतरावर राहून, वर चढत जातो. भूमितीच्या दृष्टीने हे दोन सर्वस्वी भिन्न वक्र आहेत आणि मराठी परिभाषेने त्यांना एकच नाव दिले आहे.

दुसऱ्या प्रकारच्या वक्रासाठी मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे : मळसूत्र. बोल्टवरचे आटे ज्या रेषेने चढतात ती मळसूत्राची रेषा होय. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कामगाराला मळसूत्राची तिन्ही मापे ठाऊक असतात : व्यास, दोन आट्यांमधील अंतर आणि आटा उजवा की डावा ही दिशा. डीएनएच्या रचनेचे वर्णनही नेमके याच तीन मापांनी होते. त्याचा व्यास सुमारे २ नॅनोमीटर आहे. १९५३ च्या प्रतिमानानुसार एका पूर्ण फेऱ्यात १० जोड्या आणि ३.४ नॅनोमीटर लांबी येते. द्रावणातील रेणूत हा आकडा १०.५ जोड्यांच्या जवळपास असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आटा उजवा असतो, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या बोल्टसारखा. ‘सर्पिल’ म्हटले की दिशेचा प्रश्न मनात येतही नाही. ‘मळसूत्र’ म्हटले की तो टाळता येत नाही. भित्तिपत्रकांवर आणि मुखपृष्ठांवर डाव्या आट्याचा डीएनए अनेकदा निःशंकपणे छापला जातो, याचे एक कारण या शब्दनिवडीत शोधता येते.

मापांचा आणखी एक उपयोग आहे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात कांद्याचा गर, मीठ, भांडी घासण्याचा द्रवसाबण आणि थंड अल्कोहोल एवढ्या साहित्यात डीएनए वेगळा करून दाखविता येतो. काचेच्या कांडीवर पांढरट तंतू गुंडाळले जातात आणि ‘हाच तो द्विसर्पिल’ असा समज करून घेतला जातो. वस्तुतः तो असंख्य रेणूंचा एकत्र गुंता असतो. एकट्या रेणूची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाइतकी असते. डोळ्यांना तंतू दिसतो, पीळ दिसत नाही. पीळ दिसला तो फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रात, आणि तेथेही फुलीच्या आकारातील ठिपक्यांवरून गणिताने ओळखावा लागला.

शिडीची मर्यादा

पिळदार शिडी ही मराठीतील सर्वाधिक प्रचलित उपमा आहे. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शर्करा आणि फॉस्फेट यांच्या साखळ्या म्हणजे शिडीचे दोन दांडे आणि नत्रयुक्त घटकांच्या जोड्या म्हणजे पायऱ्या, हे चित्र विद्यार्थ्याच्या ध्यानात राहते. पायऱ्यांची लांबी सारखी असते ही गोष्टही त्यातून समजते. ॲडेनीन व ग्वानीन हे दोन वलयांचे मोठे घटक. थायमीन व सायटोसीन हे एका वलयाचे लहान घटक. प्रत्येक पायरीत एक मोठा व एक लहान आल्याने रुंदी सर्वत्र समान राहते.

परंतु येथून पुढे शिडी दिशाभूल करू लागते. पहिली गोष्ट अशी की शिडीच्या सर्व पायऱ्या एकसारख्या असतात आणि त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. डीएनएत नेमके उलट आहे : दांडे सर्वत्र एकसारखे, फरक केवळ पायऱ्यांत, आणि सारा अर्थ त्यांच्या क्रमात. दुसरी गोष्ट, शिडीची पायरी अखंड व पक्की असते. डीएनएची पायरी मधोमध दुभंगलेली असते. ॲडेनीन–थायमीन यांच्यात दोन आणि ग्वानीन–सायटोसीन यांच्यात तीन हायड्रोजन बंध असतात. (१९५३ च्या लेखात दुसऱ्या जोडीतही दोनच बंध गृहीत धरले होते, तिसरा बंध १९५६ मध्ये लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांनी दाखवून दिला.) सुटा हायड्रोजन बंध दुबळा असतो. अंगरख्यावरील टिचबटणांच्या लांब ओळीप्रमाणे एकेक बंध सहज सुटतो, सगळे मिळून मात्र कापड घट्ट धरतात. बटण आणि त्याची खाच यांची आकृती परस्परांना पूरक असावी लागते, हा मुद्दाही या उपमेत आपोआप येतो.

तिसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये मोकळी जागा असते. डीएनएच्या जोड्या चपट्या असून ०.३४ नॅनोमीटर अंतराने एकावर एक टेकलेल्या असतात, ताटातील भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे. या चवडीतील लगतच्या जोड्यांचे परस्पर आकर्षण रेणूच्या स्थैर्यात हायड्रोजन बंधांहूनही मोठा वाटा उचलते. शिडीच्या चित्रात या स्थैर्याला जागाच नाही.

पायरीच्या घटकासाठी मराठीत योजलेल्या शब्दांचाही येथे विचार करावा लागतो. शालेय पुस्तकांत ‘आम्लारी’ ही संज्ञा आहे. विश्वकोशात त्याच अर्थी ‘क्षारक’ येते. शाळेत ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, ज्याला विश्वकोशाच्या परिभाषेत ‘लवण’ म्हणतात. साहजिकच शालेय परिभाषेवर वाढलेला विद्यार्थी ‘नायट्रोजनी क्षारक’ वाचतो तेव्हा त्याला मिठाची आठवण होते. दोन्ही परंपरा आपापल्या जागी सुसंगत आहेत. त्यांच्यातील पूल मात्र कोणीच बांधलेला नाही. विद्यार्थ्याच्या नजरेत हा दोष विज्ञानाच्या माथी जातो.

समांतर नव्हे, दुपदरी

दोन धागे ‘समांतर’ असतात, असे सर्रास लिहिले जाते. अंतराच्या दृष्टीने ते खरे आहे, दिशेच्या दृष्टीने खोटे. प्रत्येक धाग्याला दिशा असते. शर्करेच्या पाचव्या व तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बन अणूंवरून त्याच्या टोकांना पाच व तीन असे क्रमांक दिले जातात. एक धागा पाचाकडून तीनाकडे जात असेल तर त्याचा जोडीदार तीनाकडून पाचाकडे जातो. फ्रँकलिन यांच्या मापनांतून स्फटिकाची जी सममिती निष्पन्न झाली होती तिच्यावरून क्रिक यांनी ही विरुद्ध दिशा ओळखली. रचनेच्या शोधातील हा निर्णायक टप्पा होता आणि मराठीतील ‘समांतर’ हा शब्द नेमका तोच पुसून टाकतो. ‘प्रतिसमांतर’ ही संज्ञा परिभाषेत आहे, परंतु ती चित्र उभे करीत नाही.

येथे मराठीतील ‘पदर’ हा शब्द मोलाचा ठरतो. दोर वळणारा दोनपदरी, तीनपदरी दोर म्हणतो. तेथे पदर म्हणजे एकमेकांभोवती वळलेला सुटा धागा. तोच शब्द रस्त्यालाही लागतो : दुपदरी, चौपदरी. दुपदरी रस्त्याच्या दोन पदरांवरील वाहतूक शेजारून पण विरुद्ध दिशांनी धावते. नगर–मनमाड रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच शब्दात दोराचा पीळ आणि रस्त्याची उलटसुलट दिशा सामावलेली असताना परिभाषेने तिकडे पाठ फिरवून ‘समांतर धागे’ स्वीकारावेत, ही गोष्ट चिंतनीय आहे.

ही दिशा केवळ टोकांच्या क्रमांकांपुरती नसते. नवा धागा जोडणारे विकर एकाच दिशेने काम करू शकते. म्हणून एका पदराची नक्कल सलग होते आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ रेइजी व त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने दाखवून दिले. समांतर धाग्यांचे चित्र मनात घेऊन बी.एस्सी.च्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ओकाझाकी तुकडे अनाकलनीय वाटतात आणि तो ते पाठ करतो. दुपदरी रस्ता ध्यानात असेल तर ते अपरिहार्य वाटतात.

पीळ जातो, क्रम राहतो

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. स्वभाव बदलत नाही, खोड जात नाही, असा तिचा आशय आहे. आनुवंशिकतेविषयीच्या लोकसमजुतीचेच ते एक सूत्र आहे आणि डीएनएचा पिळदार आकार पाहिल्यावर ही म्हण आठवणे स्वाभाविक आहे. परंतु रेणूचे वर्तन या म्हणीच्या अगदी उलट आहे.

डीएनएचे द्रावण ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले तर हायड्रोजन बंध सुटतात, चवड विस्कटते, दोन पदर वेगळे होतात आणि पीळ नाहीसा होतो. मात्र प्रत्येक पदरातील घटकांना एका ओळीत जोडणारे शर्करा-फॉस्फेट बंध या तापमानाला टिकून राहतात. म्हणजे पीळ जातो, क्रम राहतो. द्रावण सावकाश थंड केले की पूरक पदर एकमेकांना शोधून पुन्हा जुळतात आणि पीळ परत येतो. १९६० मध्ये ज्युलियस मार्मर, पॉल डोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखविले. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलेली पीसीआर पद्धती याच उकलण्या-जुळण्यावर उभी आहे. २०२० च्या साथीत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द जिल्ह्यातील गावोगावी पोहोचला. त्या चाचणीत प्रत्येक आवर्तनाला पीळ मोडला जात होता आणि पूरकतेच्या बळावर पुन्हा घडविला जात होता, ही गोष्ट मात्र त्या शब्दासोबत पोहोचली नाही.

पिळाचे दुय्यमत्व विज्ञानाच्या इतिहासातूनही दिसते, आणि त्यातील एक प्रकरण भारतातले आहे. १९५४ मध्येच माक्स डेलब्र्यूक यांनी आक्षेप घेतला होता की एवढ्या लांब रेणूचे असंख्य पीळ नक्कल करताना उलगडणार कसे. हा आक्षेप पोकळ नव्हता. दोनपदरी दोराचे पदर नुसते ओढून वेगळे होत नाहीत. दोर उलटा फिरवावा लागतो किंवा एखादा पदर तोडून पुन्हा सांधावा लागतो. १९७६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. शशिशेखरन व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे न्यूझीलंडमधील जी. ए. रॉडली व त्यांचे सहकारी यांनी पर्यायी रचना सुचविल्या. त्यांत पदर एकमेकांभोवती सतत गुंडाळले जात नाहीत. उजव्या व डाव्या वळणाचे भाग आलटून पालटून येतात आणि पदर शेजारी शेजारी राहतात. हे पर्याय पुढे टिकले नाहीत. क्रिक, जेम्स वांग व विल्यम बाउअर यांनी १९७९ मध्ये त्यांची सविस्तर तपासणी केली. पदर तोडून-सांधून पीळ काढणारे विकर वांग यांनी १९७१ मध्येच शोधले होते, त्यामुळे उलगडण्याची अडचणही उरली नव्हती. १९८० च्या सुमारास लहान डीएनए तुकड्यांच्या स्फटिकांतून मळसूत्र अणुअणूंच्या तपशिलाने दिसले.

या वादातून घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. तेवीस वर्षांनंतर पिळावर गंभीर शंका घेता आली. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन या जोडीवर मात्र दोन्ही पक्षांपैकी कोणीही शंका घेतली नाही. आकार चर्चेला खुला होता, पूरकता नव्हती. १९५० च्या सुमारास एर्विन शारगाफ यांनी विविध जीवांच्या डीएनएत या घटकांचे प्रमाण जोडीजोडीने समान असल्याचे दाखविले होते, ते याच पूरकतेचे प्रतिबिंब होते. मराठी मांडणी मात्र चित्रासाठी पीळ निवडते आणि पूरकता एका वाक्यात उरकते.

‘प्रतिकृती’ या शब्दावरील ओझे

वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची ‘प्रतिकृती’ तयार केली, असे मराठीत लिहिले जाते. तेथे धातूच्या पट्ट्या व तारा वापरून उभारलेले प्रतिमान अभिप्रेत असते. पेशी विभाजनापूर्वी डीएनएची ‘प्रतिकृती’ तयार होते, असेही लिहिले जाते; तेथे रेणूची नक्कल अभिप्रेत असते. एका परिच्छेदात एकच शब्द दोन भिन्न कल्पनांसाठी आला की नवख्या वाचकाचा गोंधळ होणारच. पहिल्या अर्थी ‘प्रतिमान’ आणि दुसऱ्या अर्थी ‘प्रतिकरण’ हे शब्द वापरल्यास हा प्रश्न सहज सुटतो.

अधिक खोल अडचण अशी की ‘प्रतिकृती’ म्हटले की मूळ वस्तू एका बाजूला आणि तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या बाजूला, असे चित्र मनात येते. डीएनएच्या बाबतीत तसे होत नाही. दोन पदर वेगळे होतात, प्रत्येक पदर साचा बनतो आणि त्याच्यासमोर नवा पूरक पदर घडतो. तयार होणाऱ्या दोन्ही रेणूंत एक पदर जुना व एक नवा असतो. मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनाच्या साहाय्याने हे सिद्ध केले. येथे मूळ प्रत उरतच नाही. तिची दोन्ही अपत्यांत वाटणी होते. जोडीदार पदर हा पहिल्याची नक्कलही नसतो. तो त्याचा पूरक असतो, जसा ओतीव वस्तूचा साचा. नक्कल घडते ती साच्याचा साचा काढल्याने.

कुंडली आणि बियाणे

रेणूच्या रचनेकडून अर्थाकडे वळताना मराठी वृत्तपत्रांनी ‘जनुकीय कुंडली’ हा शब्दप्रयोग उचलून धरला आहे. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, २००३ मध्ये प्रकल्पाची सांगता झाली आणि २०२२ मध्ये उरलेले भाग भरून निघाले. या प्रवासाच्या बातम्यांत ‘माणसाची कुंडली वाचली’ अशी भाषा सहज रुळली. शब्द आकर्षक आहे, पण त्याने केलेले नुकसान मोठे आहे. कुंडली जन्मक्षणी कायमची ठरते, तिच्यात बदल होत नाही आणि ती त्या व्यक्तीचे भवितव्य सांगते अशी समजूत असते. यांपैकी एकही गोष्ट डीएनएला लागू पडत नाही. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जवळजवळ सारखाच क्रम असतो, तरी त्वचेची पेशी आणि चेतापेशी भिन्न असतात. कारण कोणता भाग केव्हा वाचला जाईल हे पेशीच्या स्थितीवर व परिसरावरही ठरते. नक्कल करताना, दुरुस्तीनंतरही, शंभर कोटी जोड्यांमागे एखादी चूक राहून जाते. त्या चुकाच जीवसृष्टीतील विविधतेचे भांडवल आहेत.

या भाषेचा सामाजिक परिणामही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्या समाजाच्या हाती ‘हे त्यांच्या डीएनएतच आहे’ असे नवे वाक्य आले आहे. राजकीय भाषणांत, जातीच्या अभिमानात आणि जातीच्या हेटाळणीतही ते सारख्याच सहजतेने वापरले जाते. जुन्या दैववादाला त्यामुळे प्रयोगशाळेचा शिक्का मिळतो. प्रत्यक्षात कोणत्याही दोन माणसांचा डीएनए-क्रम सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो आणि घटक तर सर्व सजीवांत तेच चार. कोणाचा पीळ अधिक उच्च वा हीन असे काही या रेणूत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने रचना नीट शिकविणे हे म्हणूनच एक सामाजिक कार्यही ठरते.

कुंडलीला पर्याय म्हणून अकोले तालुक्यातील एका कार्याकडे पाहता येईल. कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी वाल, भात आणि इतर पिकांचे गावरान वाण जतन केले. त्या कार्याबद्दल २०२० चा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला. या कामाचे मर्म बियाणे नुसते डब्यात भरून ठेवण्यात नाही. ठेवलेल्या बियाण्याची उगवणक्षमता कालांतराने घटते. वाण टिकवायचा तर तो पुन्हा पेरावा लागतो, वाढवावा लागतो आणि नवे बी काढावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो दाणा नव्हे, वाण. डीएनएचेही असेच आहे. एखादा विशिष्ट रेणू चिरंतन नसतो. नक्कल होत राहिल्याने क्रम टिकतो. शिवाय तेच बी वेगळ्या जमिनीत, वेगळ्या पाऊसमानात वेगळे पीक देते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बियाण्याच्या या दृष्टान्तात क्रमाचे सातत्य, नकलेची आवश्यकता आणि परिस्थितीचा वाटा या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. कुंडलीत त्यांपैकी एकही येत नाही.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक उपमा कोठेतरी तोकडी पडतेच. मग शिडीलाच दोष का द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. दोर, टिचबटण, भाकऱ्यांची चवड, दुपदरी रस्ता यांपैकी कोणतीही उपमा एकटी पुरेशी नाही. दोराचे पदर आतून एकमेकांना जोडलेले नसतात, आणि टिचबटणांना पीळ नसतो. म्हणूनच एका उपमेवर विसंबण्याऐवजी प्रत्येक अंगासाठी वेगळी उपमा घ्यावी आणि ती कोठे तुटते हेही त्याच तासाला सांगावे. उपमेची मर्यादा सांगणे हा अध्यापनाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप असा की पुढचे शिक्षण इंग्रजीतच होणार असेल तर मराठी शब्दांची एवढी उठाठेव कशासाठी? याचे उत्तर प्रस्तावनेत अंशतः आले आहे. त्यात एवढीच भर घालता येईल की इंग्रजीही या दोषांपासून मुक्त नाही. तेथील सामान्य भाषेतही मळसूत्र आणि सर्पिल यांची सरमिसळ होते, शिडी व आराखडा या उपमा तेथूनच मराठीत आल्या आणि दैववादी बोलही तिकडे कमी नाहीत. भाषा बदलल्याने समज आपोआप येत नाही. नेमका शब्द निवडल्याने मात्र ती येण्यास मदत होते.

निष्कर्ष

डीएनएच्या मराठी मांडणीत आकाराने रचनेवर मात केली आहे, असे या चिकित्सेतून दिसते. ‘द्विसर्पिल’ ही संज्ञा आता रूढ झाली असल्याने ती बदलण्याचा आग्रह व्यवहार्य नाही. परंतु तिच्या शेजारी ‘दुपदरी मळसूत्र’ हे स्पष्टीकरण देता येते, ‘समांतर’ऐवजी पदरांची विरुद्ध दिशा सांगता येते, ‘आम्लारी’ व ‘क्षारक’ एकच आहेत हे पहिल्याच तासाला नोंदविता येते, ‘प्रतिमान’ आणि ‘प्रतिकरण’ वेगळे ठेवता येतात, आणि ‘कुंडली’ला रजा देता येते. यासाठी नवा परिभाषाकोश लागत नाही. हे शब्द दोर वळणाऱ्याच्या, लेथवरील कामगाराच्या आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात आहेतच.

विद्यार्थ्याने पिळाचे चित्र सुबक काढले म्हणजे त्याला डीएनए समजला, असे मानण्याची प्रथा परीक्षांनीही पोसली आहे. त्याऐवजी एका पदरातील दहा घटकांचा क्रम देऊन त्याचा पूरक पदर, दिशेसह, लिहावयास सांगितला तर समज खरी आहे की नाही हे एका ओळीत कळेल. त्या ओळीत पीळ कोठेही नसेल. आनुवंशिकता मात्र सगळी असेल.